दुसरी किल्ली

नवी गाडी ताब्यात घेताना शोरूमवाल्यांनी माझ्या हातात पुठ्ठ्याची एक भलीमोठी किल्ली दिली. जवळजवळ माझ्या कमरेएवढी, लाल रिबीन बांधलेली. मला हसायला सांगितलं, फोटो काढला, टाळ्या वाजवल्या आणि किल्ली परत काढून घेतली, कारण मागे दुसरं कुटुंब रांगेत उभं होतं. त्या पुठ्ठ्याच्या किल्लीला निदान दाते होते. खरी किल्ली हातात पडली ती काळी, गुळगुळीत, वापरून झिजलेल्या साबणाच्या वडीसारखी. ती कशात घालायची, हे मी विचारलं तर तो पोरगेला सेल्समन हसला. "कशातच नाही, मॅडम. पर्समधून काढायचीच नाही. गाडी तुम्हाला ओळखते."

गाडी मला ओळखत नव्हती, हे कळायला मला वर्ष लागलं.

गाडी मुलाने घेऊन दिली. तो कॅनडात असतो. माझी जुनी गाडी चांगली चालत होती, पण व्हिडिओ कॉलवर तिचा खरचटलेला बंपर त्याला दिसला आणि त्याच्या मनाने घेतलं की आई आता या डब्यातून फिरणार नाही. कागदपत्रं माझ्या नावावर झाली. गाडीचं ॲप मात्र त्याने तिकडून स्वतःच सुरू केलं, कारण शोरूममध्ये मला ते जमेना आणि सेल्समनला जेवायला जायचं होतं. तेव्हा ॲपमध्ये मुलगा 'मुख्य वापरकर्ता' झाला आणि मी 'अतिरिक्त वापरकर्ती'. मी तेव्हा त्यावर हसले होते. साठी ओलांडलेल्या विधवा बाईला अतिरिक्त म्हणवून घ्यायची सवय झालेली असते.

मी जन्मभर आठवी-नववीला विज्ञान शिकवलं. वस्तू घरात आली की ती कशी चालते हे कळल्याशिवाय मला चैन पडत नाही. दुपारच्या वेळी मी गाडीबरोबर आलेलं जाडजूड पुस्तक वाचून काढलं. दाराच्या मुठीला हात लागला की गाडी अगदी हळू, हातभर अंतरावरच पोचेल अशी एक हाक देते. जवळपास तिची किल्ली असेल तर ती उत्तर देते. हे उत्तर दर वेळी वेगळं असतं, म्हणजे आजचं उत्तर कुणी चोरून ऐकलं तरी उद्या त्याचा उपयोग शून्य. किल्लीच्या पोटात घड्याळात असतो तसा चपटा सेल असतो आणि कुशीत एक लपवलेली खरीखुरी लोखंडी पट्टी. सेल संपला तर त्या पट्टीने दार उघडायचं आणि किल्ली सुरू करायच्या बटणाला टेकवून धरायची, की गाडी सुरू होते. वाचून मला फार बरं वाटलं. इतका डामडौल करून शेवटी पोटात लोखंडाची पट्टी आहेच.

आता आमच्या पार्किंगबद्दल सांगायला हवं. आमची सोसायटी सीवूड्सची, जुन्यांतली. बांधणाऱ्याने गाड्यांचा विचारच केला नव्हता. त्यामुळे खांबांच्या मधे एकापुढे एक अशा दोन गाड्या उभ्या राहतात, एक भिंतीकडे आणि एक बाहेरच्या बाजूला. दोन्ही जागा दोन वेगळ्या घरांच्या. जो शेवटी येईल तो बाहेर लावणार आणि आतल्याची वाट अडवणार. यावर आमच्या इमारतीत सुरुवातीपासूनची रीत आहे: पार्किंगच्या जोडीदाराच्या घरी आपली दुसरी किल्ली ठेवायची. त्याने आपली गाडी काढावी, स्वतःची काढावी, आपली परत लावावी. बेल वाजवायची नाही, विचारायचं नाही. नव्याने राहायला येणाऱ्याला पाण्याची वेळ सांगतात तशी ही रीत सांगितली जायची.

माझे जोडीदार म्हणजे समोरच्या फ्लॅटमधले भाई. मूळचे उरणकडचे मुसलमान, मोरा बंदरावर त्यांचं कोळ्यांच्या जाळ्यांचं आणि दोरांचं दुकान. माझे यजमान आणि ते एकाच महिन्यात इथे राहायला आले होते. यजमान गेल्यावर मला गाडी शिकवली ती भाईंनीच. "वहिनी, गाडी माणसासारखी असते. घाबरवली तर ती पण घाबरते," असं ते म्हणायचे आणि मी क्लच सोडला की स्वतःच दाराची मूठ घट्ट धरायचे. त्यांना सकाळी लवकर मोऱ्याला जायचं असे, मला कुठेच नाही. त्यामुळे माझी गाडी त्यांच्या हातून रोज जेवढी हलायची तेवढी माझ्या हातूनही हलत नसे. नवी गाडी आली त्याच संध्याकाळी मी दुसरी किल्ली त्यांच्या बायकोच्या, भाभींच्या हातात दिली. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाल्या, "ही हरवली तर सापडायची कशी? खुळखुळत पण नाही."

थोड्याच दिवसांत मुलाने मला एक व्हिडिओ पाठवला. दोन चोर. एकाच्या हातात गाडीजवळ एक यंत्र, दुसऱ्याच्या हातात घराच्या भिंतीशी दुसरं. गाडीची ती हळू हाक ते घरातल्या किल्लीपर्यंत पोचवतात, आणि किल्ली बापडी समजते की मालकीण दाराशी उभी आहे. ती इमानाने उत्तर देते आणि गाडी जाते. उपाय काय, तर किल्ली धातूच्या डब्यात ठेवा, हाक आत पोचणार नाही. मी माझी चकलीच्या स्टीलच्या डब्यात ठेवली आणि भाभींना सांगितलं. त्यांनीही एक घट्ट झाकणाचा डबा रिकामा केला. भाई वैतागले. "आधी खिळ्यावर होती ती बरी होती. आता चावी काढायला गेलो की ही बाई समजते मी खाऊ शोधतोय!" आम्ही तिघं यावर पोटभर हसलो होतो.

मग मुलाचे फोन सुरू झाले. "आई, इतक्या सकाळी कुठे जातेस?" गाडीचं कुलूप उघडलं की त्याच्या फोनवर सूचना जाते, हे मला तेव्हा कळलं. मी सांगितलं की भाई गाडी बाजूला करतात. तो म्हणाला, "दुसरी चावी कपाटात ठेवायला सांगितली होती ना?" मी म्हटलं, पार्किंग तेच आहे, शेजारी तेच आहेत, किल्ली तिथेच राहील. "आई, आता जमाना बदललाय. कुणाला ॲक्सेस द्यायचा याचा विचार करायला पाहिजे." ॲक्सेस! ज्या घरातून तापात त्याच्यासाठी पेज आली, त्या घराला ॲक्सेस द्यायचा की नाही याचा विचार. मी फोन ठेवला. राग आला होता, पण लांब राहणाऱ्या मुलांच्या डोक्यात काळजीची भुतं नाचतात असं समजून मी तो गिळला.

थंडीत मी बहिणीकडे पुण्याला गेले. भाचीचा साखरपुडा होता आणि पुढे काही दिवस राहायचं होतं. निघताना मी भाईंना सांगितलं की मधूनमधून गाडी फिरवून आणा. या नव्या गाड्या उभ्या असल्या तरी सतत कान देऊन असतात, किल्ली आली का, किल्ली आली का, आणि त्यातच त्यांची बॅटरी उतरते. "टेन्शन नका घेऊ," भाई म्हणाले. "तुमच्या भाभीला फिरवून आणतो. तेवढीच तिला पण नव्या गाडीची हौस."

साखरपुड्याच्या दिवशी सकाळी भाई आणि भाभी माझी गाडी घेऊन पाम बीच रोडने एक चक्कर मारून करावे गावात गेले. तिथे भाभींना मासळी घ्यायची होती. पुढे जे झालं ते मला भाभींनी नंतर सांगितलं, आणि त्या सांगत असताना भाई खिडकीबाहेर बघत बसले होते. भाईंनी गाडी बंद केली, मासळी घेतली, परत येऊन बटण दाबलं. गाडी सुरू होईना. दिवे लागत, पडद्यावर काहीतरी इंग्रजीत येई, पण इंजिन मुकं. भाईंना वाटलं सेल गेला. मी शिकवल्याप्रमाणे त्यांनी किल्ली बटणाला टेकवून धरली. पुन्हा टेकवली. मी त्यांना सगळं शिकवलं होतं, फक्त एक गोष्ट मलाच माहीत नव्हती. ती पुस्तकात नव्हती, ॲपमध्ये होती, आणि तीही फक्त मुख्य वापरकर्त्याच्या ॲपमध्ये. त्याने एक बटण दाबलं की उभी गाडी पुन्हा सुरू होत नाही. किल्ली खरी असली, हात ओळखीचा असला, तरीही.

मुलाने आदल्याच दिवशी माझ्याशी बोलून घेतलं होतं, म्हणजे मी पुण्याला आहे हे त्याला ठाऊक होतं. गाडी चालताना त्याला फोनवर दिसली. त्याने मला फोन केले. माझा फोन पर्समध्ये, पर्स बहिणीच्या कपाटात आणि मी हॉलमध्ये ओटीचं ताट हातात घेऊन. मग त्याने बटण दाबलं आणि आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीला फोन लावला की आईची गाडी कुणीतरी नेली आहे. सेक्रेटरी नवे, उत्साही. त्यांनी गाडीचा नंबर आणि फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला, आणि कुणाच्या तरी ओळखीने गाडी ॲपवर जिथे दिसत होती तिथे पोलीस पाठवले.

करावे गावात भाईंना न ओळखणारा माणूस मिळणं कठीण. तिथल्या जुन्या घरांतून त्यांच्या दुकानाचा दोर गेलेला आहे. त्या सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पोलिसांनी त्यांना गाडीतून उतरवलं आणि विचारलं, गाडी कुणाची, चावी कुठून आणली, नाव काय. नाव सांगितल्यावर पुन्हा एकदा विचारलं. भाई म्हणाले, शेजारीण आहे, तिनेच दिली आहे. पोलीस म्हणाले, पण मालक तर तक्रार करतोय. ज्या बाईकडून भाभींनी मासळी घेतली होती ती टोपली सोडून उठली आणि ओरडली, "अरं, आमी वलखतो यांना! यांच्याच दोरावर आमची होडी बांधलेली हाय. हे कशाला गाडी चोरतील? मालकाला बोलवा हितं, बगू कोन हाय तो!" मालक येऊ शकत नव्हता. मालकीण पुण्यात पेढे वाटत होती. आणि भाभी मासळीची पिशवी मांडीवर धरून, दार उघडं टाकलेल्या त्या चकचकीत गाडीत बसून होत्या. उतरू का नको, हे त्यांना कळत नव्हतं.

मी फोन पाहिला तेव्हा मुलाचे, सेक्रेटरींचे आणि एका अनोळखी नंबराचे कॉल येऊन गेले होते. भाईंचा एकही नव्हता. अनोळखी नंबर पोलिसाचा निघाला. मी सांगितलं की गाडी माझी आहे आणि किल्ली मी दिली आहे. तो बिचारा सभ्य होता. "ठीक आहे, मॅडम. पण मग तुमच्या मुलाला सांगा गाडी खोलायला. इथे ट्रॅफिक झालंय."

मुलाला मी काय बोलले ते शब्दशः लिहिण्यासारखं नाही. बहिणीच्या घरची पाहुणेमंडळी हॉलमधून आत डोकावत होती, तरी माझा आवाज खाली येईना. "ज्या माणसाने तुला खारघरच्या मोकळ्या रस्त्यावर क्लच सोडायला शिकवला, त्याच्यावर पोलीस घातलेस?" तो म्हणाला, "आई, मला वाटलं तेच असतील. पण शंभर टक्के खात्री नव्हती." मी विचारलं, मग त्यांना फोन का नाही केलास? नंबर आहे ना? यावर तो म्हणाला, "ते आपल्याला न सांगता गाडी घेऊन फिरत होते, तर त्यांनाच विचारायचं का?" आपल्याला! गाडीत न बसलेला माणूस आपल्याला म्हणत होता. शेवटी म्हणाला, "ओके, अनलॉक केलंय. काही झालं नाही ना? मी फक्त सेफ साइडला राहिलो."

मी दुसऱ्याच दिवशी परत आले आणि बॅग घरात ठेवून समोरची बेल वाजवली. भाईंनी दार उघडलं, बसा म्हणाले, प्रवास कसा झाला विचारलं. भाभींनी चहा आणला. चहा कपबशीतून आला. त्या घरात मला नेहमी स्टीलच्या पेल्यात चहा मिळायचा, कपबशा पाहुण्यांना. मी म्हटलं, भाई, त्याचं फार चुकलं. मी त्याच्या वतीने हात जोडते. त्यांनी मला हात जोडू दिले नाहीत. "पोराचं काय चुकलं, वहिनी? लांब असतो, काळजी वाटते." मग उठून आत गेले आणि डबा घेऊन आले. डब्यासकट किल्ली माझ्यापुढे ठेवली. मी म्हटलं, ही इथेच राहू दे. ते म्हणाले, "नको. उद्या खरंच कुणी नेली तर पहिलं नाव माझंच येईल." हे त्यांनी अगदी साध्या आवाजात सांगितलं. ते रागावले असते, आरडाओरडा केला असता, तर मी तो अंगावर घेतला असता. या सभ्यपणाचं काय करायचं ते मला आजही कळलेलं नाही.

सेक्रेटरींना मी लिफ्टपाशी गाठलं. ग्रुपवर माफी मागा म्हटलं. ते म्हणाले, "मॅडम, आम्ही कुणाचं नाव घेतलेलं नाही. आणि खरं सांगू का, यांच्याकडे तुमची चावी कशी, असं बऱ्याच जणांनी विचारलं." मी विचारलं, इमारतीत प्रत्येकाची किल्ली दुसऱ्याकडे आहे, तेव्हा कुणी विचारलं नाही ते? त्यांनी लिफ्टचं बटण दाबलं. मला जे म्हणायचं होतं ते त्यांना कळलं होतं आणि त्यांना जे म्हणायचं होतं ते मला. भाईंच्या जागी दुसऱ्या आडनावाचा माणूस असता तर ग्रुपवर हसण्याची चित्रं आली असती आणि संध्याकाळपर्यंत तो किस्सा झाला असता.

मुलाने माफी म्हणून सुकामेव्याची पेटी पाठवली. तीही ॲपवरूनच, परस्पर समोरच्या दाराशी. भाभींनी घेतली, आणलेल्या माणसाला पाणी दिलं आणि पेटी वॉचमनच्या केबिनमध्ये नेऊन ठेवली. मग मी मुख्य वापरकर्ता होण्याच्या मागे लागले. शोरूममध्ये गेले, कस्टमर केअरला फोन केले. सगळ्यांनी एकच सांगितलं, की मुख्य वापरकर्त्याने सोडल्याशिवाय बदल होत नाही. गाडीच्या कागदावर माझं नाव आहे, असं मी ओरडून सांगितलं. "हो मॅडम, पण सिस्टीममध्ये नाही," असं उत्तर आलं. मुलाशी पुष्कळ भांडले. तो दर वेळी शांतपणे समजावायचा, जणू मीच वर्गातली ढ मुलगी. शेवटी मी गाडी विकते म्हटल्यावर त्याने ॲप माझ्या नावावर केलं. आता गाडीला कुणीही हात लावला तर सूचना मला येते. येते ती माझ्याच हाताची, कारण माझ्याशिवाय कुणी हात लावत नाही.

त्याच सुमारास भाभी एकदा दारात आल्या. आत या म्हटलं तर उंबऱ्याबाहेरच थांबल्या. "यांची चावी द्याल का? सर्व्हिसिंगला द्यायची आहे गाडी." मी खिळ्यावरून त्यांची जुनी, दातेवाली किल्ली काढून दिली. सर्व्हिसिंगला दोन किल्ल्या लागत नाहीत, हे त्यांना माहीत होतं आणि मलाही. तरी मी विचारलं, काम झालं की परत आणाल ना? "बघू," त्या म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते, माझेही. दोघींनी ते एकमेकींना दिसू दिले, एवढंच काय ते आमच्यात उरलं होतं.

ती किल्ली परत आली नाही. भाई त्यानंतर गाडी बाहेर रस्त्यावर लावू लागले, गटाराच्या कडेला, कावळे शिटतात त्या झाडाखाली. मी त्यांना अडवून म्हटलं, आपली जागा असताना रस्त्यावर का? "तिथे बरी आहे, वहिनी. कुणाला त्रास नको."

म्हणून मी माझी गाडी आत, अगदी भिंतीला टेकवून लावायला सुरुवात केली. बाहेरची जागा मोकळी सोडली. म्हटलं, एखाद्या संध्याकाळी कंटाळून ते तिथे लावतील, माझी वाट अडवतील, आणि मला सकाळी जाऊन त्यांची बेल वाजवावी लागेल. मी त्यांची किल्ली मागेन आणि त्यांना ती द्यावी लागेल. त्यासाठी मी गरज नसताना सकाळची कामं काढू लागले. कधी भाजी, कधी बँक, कधी काहीच नाही. रोज खाली जाते. मुठीला हात लावते, गाडी हळूच हाक देते, किल्ली उत्तर देते, दार उघडतं. आरशात पाहते तर मागची जागा रिकामी असते. गाडी सरळ बाहेर निघते. मला कुणाकडे काही मागावं लागत नाही.